गोल्डक्रेस्ट नाहीसे झाले तो हिवाळा

शशीमावशींनी लीड्सच्या हॉस्पिटलात अख्खी नोकरी लोकांचे कान तपासण्यात घालवली. आपल्याला कमी ऐकू येतं हे कबूल न करणाऱ्या आजोबांना त्या अशा झापायच्या, की ते मुकाट्याने कानात मशीन घालून घरी जायचे. रिटायर झाल्यावर त्यांना पक्ष्यांचा नाद लागला. दर हिवाळ्यात त्या आम्हा मराठी मंडळींना नॉर्थ यॉर्कशरमधल्या एका फॉरेस्ट पार्कमध्ये पक्षी दाखवायला नेतात.

मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आले, तेव्हा मावशींनी आणि त्यांच्या यजमानांनी, हरीशकाकांनी, मला पहिला महिनाभर जेवू घातलं. त्या अन्नाला जागून मी रविवारची झोप मोडली. एरवी पक्षी बघायला मी खिडकीपर्यंतही जात नाही.

"गोल्डक्रेस्ट संपले गं," मावशी गाडीत म्हणाल्या. "इथला सगळ्यात चिमुकला पक्षी. मागच्या थंडीत गारठून मेले असणार. त्यांच्या नेहमीच्या झाडांखाली तासन्‌तास उभी राहिले, एकाचाही आवाज नाही. रेंजरला फोन केला, तर म्हणतो, आहेत की! त्याला काय कळतंय!" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

"हो ना, वाईट झालं," काका गाडी चालवता चालवता पुटपुटले. मला नवलच वाटलं. पोह्यातल्या मिठावरसुद्धा काका बायकोशी कधी सहमत होत नाहीत.

जंगलात पोचून बाकीची मंडळी भेटल्यावर मात्र मावशींना हुरूप आला. रॉबिन काय, ब्लू टिट काय, एकेकाची त्यांनी अशी ओळख करून दिली, की जणू सगळे त्यांच्या माहेरचेच. माझी बोटं बधिर झाली होती, नाक गळत होतं, आणि माझं सगळं लक्ष काकांच्या पिशवीतल्या तिखटामिठाच्या पुऱ्यांवर होतं.

मग आम्ही स्प्रूसच्या उंच झाडांच्या गर्द रांगेपाशी आलो. "इथेच असायचे ते," मावशी म्हणाल्या. "एक मिनिट कोणी बोलू नका. ऐका."

आम्ही ऐकलं. वरून कुठून तरी अगदी बारीक, सुईच्या टोकासारखा आवाज येत होता. सी-सी-सी, सी-सी-सी.

"बघा," मावशी म्हणाल्या, "चिडीचूप."

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. मावशींच्या पाठीमागून काकांनी माझ्याकडे बघून जोरजोरात मान हलवली. नको म्हणून. पण माझ्या जिभेला हाड नाही, ती तोवर सुटली होती.

"मावशी, मग हे सी-सी-सी कोण करतंय?"

वय झालं की आधी बारीक आवाज जातात, हे मावशींना वेगळं सांगायला नको होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वळून काकांकडे. काका एका बुंध्याचं बारकाईने निरीक्षण करत होते. असे नवरे मावशींनी हॉस्पिटलातल्या टेबलापलीकडे शेकड्याने बघितले असतील.

"कधीपासून, अहो?"

"टीव्हीचा आवाज वाढवायला लागलीस ना, तेव्हापासून."

"आणि तुम्ही मला पक्ष्यांचं सुतक पाळू दिलंत?"

"तुला लागलं असतं गं. आयुष्यभर दुसऱ्यांचे कान तपासलेस." काकांचा आवाज अगदी पडला होता.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. एका प्रश्नात मी मावशींचा छंद, मान आणि रविवार सगळंच घालवलं होतं. मी सॉरी म्हणणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"बोट दाखव. आवाज जिथून येतोय तिथे. हलवू नकोस."

मी बोट वर केलं. त्या बोटाच्या रेषेत मावशींनी दुर्बीण लावली. फांदीच्या टोकाला अंगठ्याएवढा एक जीव उलटा लोंबकळत होता, डोक्यावर पिवळी रेघ. त्याच्याशेजारी दुसरा. मग तिसरा.

मावशी हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या गालांवरून पाणी ओघळू लागलं, तरी दुर्बीण खाली येईना.

काका घाबरून पुढे झाले. "शशी, उद्याच अपॉइंटमेंट घेऊ. आता इतकी छान मशिन्स निघालीत..."

"घेऊ हो, घेऊ," मावशी म्हणाल्या. "बरं झालं बाई, माझे कानच गेलेत. मला वाटलं, पक्षी गेले."