सड्यावर तिसरं भिंग

माझे मामेसासरे जहाजावर नोकरीला होते. ते गेल्यावर त्यांचा मोठा लाकडी कॅमेरा माझ्याकडे आला, आणि त्याच्यासोबत एका पेटीत, मखमली खोबणीत बसवलेली तीन पितळी भिंगं. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी त्यांचा अभ्यास करायला घेतला.

अशा संचातलं प्रत्येक भिंग एकटंही चालतं. दोन जोडली की देखावा जास्त मावतो, एकच ठेवलं की लांबचं जवळ येतं. जुन्या कॅटलॉगच्या स्कॅन केलेल्या प्रती वाचून मी जोड्या जुळवत होते. पण तिसऱ्या भिंगावर कोरलेला त्याच्या अंतराचा आकडा खाऱ्या हवेनं खाल्ला होता. तो शोधायचा तर खूप लांबची वस्तू कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर स्पष्ट आणायची आणि भिंगापासून काचेपर्यंतचं अंतर मोजायचं. त्यासाठी मोकळी जागा हवी.

म्हणून आरे-वारेच्या किनाऱ्यापुढे एका सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळ-पठारावर, गेले. रिक्षा खाली रस्त्यावर थांबवली. ट्रायपॉड उभा केला, समुद्राकाठच्या लांबच्या वाडीवर नेम धरला, डोक्यावर काळं कापड घेतलं आणि मोजपट्टी लावली. तेवढ्यात वाळलेल्या गवतात पावलं वाजली.

कापडाबाहेर आले तर समोर बायका. आठ-दहा तरी असतील. एकीच्या हातात कोयती होती.

"काय मोजताव?" त्यातल्या एका म्हातारीनं विचारलं.

"भिंग मोजतेय."

"आमाला येडं समजू नका. जमीन मोजायला आलाव ना?"

माझ्या हातात मोजपट्टी, शेजारी तीन पायांवरचं यंत्र. दुसरं काय वाटणार त्यांना? मागे सरकावं तर कडा. रिक्षावाल्याला हाक मारली असती तरी वाऱ्यात ऐकू गेली नसती.

"तुम्ही स्वतः बघा," मी कसंबसं म्हटलं.

म्हातारी कापडाखाली शिरली आणि लगेच बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता.

"माजं घर उलटं केलंव," ती म्हणाली. "कौलं खाली, जोतं वर."

कोयतीवाली एक पाऊल पुढे आली. मी घाईघाईनं सांगू लागले, सगळंच उलटं दिसतं, कॅमेराच तसा असतो. शब्द एकमेकांत अडकत होते. कुणीच ऐकत नव्हतं. शेवटी मागची एक तरुण बाई, म्हातारीची सून असावी, पुढे झाली, कापडाखाली बराच वेळ राहिली.

"फोटोचाच हाय," ती बाहेर येऊन म्हणाली. "समुद्र पन उलटा दिसतोय, आत्ये."

म्हातारीनं माझ्याकडे नीट पाहिलं. "एकट्या बाईनं सांगून यावं," ती म्हणाली. "आमी घाबरलाव."

सगळ्याजणी रिक्षापर्यंत सोबत आल्या. मला पोचवायला की मी खरंच गेले ना हे बघायला, ते मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

पुढे आठवडाभर ती पेटी उघडली नाही. मग घराच्या गच्चीवरून, दीपगृहावर नेम धरून, तिसऱ्या भिंगाचं अंतर मिळालं. ते कॅटलॉगमधल्या आकड्याशी जुळलं, म्हणजे भिंग संचातलंच होतं. आनंद व्हायला हवा होता. पण काचेवर मधेच एक कौलारू घर आलं, उलटं, आणि मी कापड बाजूला करून आधी मागे कोणी उभं आहे का ते पाहिलं.