लातुरात मी एक सर उभा केला

नांदेड स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्याजवळ तीन बॅगा, दोन कॅमेरे आणि एक देखणा पुरुष होता. दचकू नका, पुरुष कामाचा होता. वीस वर्षं मी हेच करते. पुरुषांना कपडे चढवायचे, उन्हात उभं करायचं, ‘हनुवटी वर!’ म्हणून ओरडायचं आणि फोटो काढायचे. ह्या धंद्याबद्दल माझ्या नवऱ्याला काय वाटतं, ते त्याला विचारू नका. हा देखणा म्हणजे श्रेयस. ठाण्याचा, सहा फूट उंच, स्वभावाने अगदी गाय.

बोलावणं जमीलभाईंचं होतं. नांदेडात आजोबांच्या काळापासून त्यांचं शिलाईचं दुकान. सगळं आयुष्य शेरवान्या शिवण्यात गेलं आणि आता साठीला टेकल्यावर त्यांना पुरुषांच्या तयार कोटांचा स्वतःचा ब्रँड काढायचा होता. दुकानात पाऊल ठेवलं तोच समोर तहरी (भाज्या घातलेला पिवळा, मसालेदार भात) आली. मी आधी कोट बघायला मागितले.

“खाऊन घ्या ताई,” जमीलभाई म्हणाले. “कोट कुठं पळून नाही चालले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदावरीच्या घाटावर फोटो काढले. श्रेयस नदीकडे बघून गंभीर चेहरा करत असताना एका शेळीने त्याच्या खिशातला रेशमी रुमाल ओढला आणि शांतपणे खाऊन टाकला. जमीलभाईंनी शेळीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “पसंत चांगली हाय हिची,” म्हणाले.

दुपारी गाडी लातूरकडे निघाली. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि सोयाबीन. अहमदपूरच्या पुढे श्रेयस झोपला, मी मात्र उत्साहात होते. खरा फोटो लातुरात काढायचा होता, तोही क्लासच्या गल्लीत. असं का, ते गल्लीत शिरल्यावर कळलं आणि मी जागच्या जागी थबकले. प्रत्येक भिंतीवर, प्रत्येक गच्चीवर माणसांचे घराएवढे मोठे चेहरे. कोट घातलेले, हाताची घडी, नजर दूर कुठेतरी. मी आधी पुढारी शोधले, मग नट शोधले. कोणीच नाही. सगळे सर! हे फिजिक्सचे, ते केमिस्ट्रीचे, ते दोघे भाऊ बायोलॉजीचे.

“इथले हीरो हेच,” जमीलभाई म्हणाले. “कोट खपला तर ह्याच गल्लीत खपेल.”

एका क्लासच्या पायऱ्यांवर श्रेयसला उभं केलं. राखाडी कोट, बिनकाचेचा चष्मा, हाताची घडी. पाच मिनिटांत पाठीवर दप्तरं लावलेली दोनशे पोरं भोवती गोळा झाली. कॅमेऱ्यासमोर डोकीच डोकी. “हा कोण हो? सिरियलवाला का?” मी हात जोडले, ओरडले, काही उपयोग झाला नाही. तेव्हा माझ्यातल्या खोडकर बाईने तोंड उघडलं.

“अरे, मुंबईचे फिजिक्सचे सर आहेत! नवी बॅच काढतायत!”

काय सांगू तुम्हाला! गर्दी दुभंगली. पोरांनी शर्ट खोचले. वॉचमनने कुठून तरी खुर्ची आणली, समोरच्या टपरीवरून चहा आला, तोही आग्रहाने. मी खूश, श्रेयस खूश. फक्त जमीलभाई कपाळाला आठ्या घालून बाजूला उभे होते. “ताई, हे नक्को,” एवढंच पुटपुटले. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि फोटो काढत राहिले.

तेवढ्यात गर्दीतून एक माणूस पुढे आला. काखेत गुंडाळलेली गादी, दुसऱ्या हातात पत्र्याची पेटी. मागे अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्याने पेटी पायऱ्यांच्या कडेला, श्रेयसच्या मागे ठेवली आणि हात जोडले.

“सर, निलंग्याकडून आलो मी. एकच इचारायचं हाय.”

ऊन रणरणत होतं. मी त्याला जुन्या दगडी कंपाउंडच्या सावलीत बोलावलं. तो हलला नाही.

“दगडाखाली न्हाई उभा राहत मी, म्याडम. भूकंपात आमचं घर दगडाचंच होतं. दहावीला होतो. घर गेलं, पुस्तकं गेली, शाळाबी तिथंच सुटली. म्हणून ह्यातलं काय कळत न्हाई मला.” त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. मुलीचा निकाल. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत दुसऱ्यांदा कमी पडलेली. “हिच्या क्लासचे सर भेटत न्हाईत. काउंटरवर म्हणतात, तुमची मर्जी. होस्टेलातल्या कॉटची मुदत आज संपायलीय. सर, तुम्हीच सांगा. ठेवू का घरी नेऊ? तुम्ही म्हणाल तसं.”

माझ्या हातातला कॅमेरा जड झाला. आत्ता सांग, आत्ता सांग, असं मन म्हणत होतं. पण दोनशे पोरं बघत होती आणि एरवी बोलायची न थांबणारी मी कॅमेऱ्याची काच पुसत राहिले.

श्रेयसने कागदाकडे पाहिलं. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग त्याने मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचं मन भरून आलं.

“काका,” तो मऊ आवाजात म्हणाला, “किती दमलीय ती. घरी घेऊन जा तिला.”

खोटं कशाला सांगू, मलाही ते बरोबर वाटलं. किती गोड मुलगा, असंही वाटलं. बापाने मोठा श्वास सोडला आणि गादी खांद्यावर घेतली.

“सर म्हणाले, झालं तर मग. चल बाई, साडेपाचची गाडी गाठू.”

मुलगी पेटी घ्यायला श्रेयसच्या मागे गेली आणि तिथेच उभी राहिली.

“बाबा, इकडं या.”

“काय झालं?”

“ह्याच्या कोटाला मागून चिमटे हायेत!”

होतेच. कोट ढगळ असला की आम्ही जादा कापड पाठीवर गोळा करून चिमटे लावतो, म्हणजे समोरून अंगाला बेतून शिवल्यासारखा दिसतो. तिने एक चिमटा उपटून बापापुढे धरला.

“हा सर न्हाई. नाटक करायलेत हे. आन् ह्याच्या सांगण्यावरून तुम्ही मला गावाकडं न्यायलात!”

पोरं कोटाची पाठ बघायला पुढे सरकली. मी पुढे झाले. “दादा, चूक माझी आहे. फोटोसाठी मी गंमत केली. तो बिचारा मॉडेल आहे.”

मला वाटलं, हा आता कॅमेरा फोडणार. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मान वर करून भिंतींवरच्या कोटवाल्यांकडे, एकेकाकडे.

“मग आता खरं कुणाला इचारू?” तो म्हणाला.

“मला इचारा की!” मुलगी कडाडली. “काउंटरला इचारलं, वॉचमनला इचारलं, ह्या चिमटेवाल्याला इचारलं. मला इचारलं का?”

“बोल मग.”

“मला ऱ्हायचंय. दमले तर दमले. तुम्ही रानात दमता, तवा तुम्हाला कोण म्हणतं का, जा घरी?”

बापाने मग गादी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“कॉट दुसऱ्याला दिली असंल तर गं?”

“तर जमिनीवर निजंन.”

“चल मग. लवकर चल.”

आणि दोघं बसस्टँडकडे पाठ करून होस्टेलच्या दिशेने चालू लागले. जमीलभाई पेटी उचलायला धावले, तर तिने हातानेच नको म्हटलं. परत येऊन ते मला म्हणाले, “ताई, लोकांनी माझ्या कोटावर भरोसा ठेवला होता. आजचे फोटो नक्को.” त्यापुढे फोटो झाले नाहीत. पायऱ्यांवर बसून श्रेयसने डोळे पुसले. मी त्याला चहा पाजला. तो चहाही सरांसाठी आलेला होता.

 परगावच्या गमती घरी येऊन रंगवून सांगणं हा माझा जुना छंद. हीही गंमत मैत्रिणींना सांगितली. शेळीपाशी सगळ्या हसल्या, चिमट्यापाशी हसायच्या थांबल्या. मग एकीने विचारलं, “नाव काय गं त्या मुलीचं?”

 तेही मी तिला विचारलं नव्हतं.