टँकर मार्गस्थ आहे

सरकारी माहिती अधिकाऱ्याच्या नोकरीत एक गंमत असते. दिवसभर खपून जे लिहावं, ते दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींत संपतं आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. जे लिहायचं नसतं, तेच डोक्यात साठत जातं. मी तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, ही नोकरी बरीच वर्षं केली. त्यातली बरीचशी वर्षं दुष्काळाची. एकीकडं धरणाचा तळ उघडा पडत होता, दुसरीकडं शहर बायपास ओलांडून पसरत होतं, आणि या दोन्हींबद्दल 'परिस्थिती नियंत्रणात आहे' असं नव्या नव्या शब्दांत लिहिणं हे माझं काम. आता जुनी मंडळी कुठं भेटली की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, तो किस्सा सांगा." मग एकावर थांबणं होत नाही.

*

माझे पहिले वरिष्ठ भालेराव साहेब. माणूस अतिशय सज्जन, पण प्रेसनोटच्या भाषेबाबत फार कडक. मी नवीन होते. एका वस्तीबद्दल सरळ लिहून मोकळी झाले, 'येथे चार दिवसांपासून टँकर आलेला नाही.'

साहेबांनी चष्मा वर केला. "बाई, शासन 'नाही' म्हणत नसतं." लाल पेनानं माझं वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, 'टँकर मार्गस्थ आहे.'

"पण सर, तो निघालेलाच नाही."

"कधीतरी निघेल ना? निघाला की मार्गस्थच असणार."

त्याच उन्हाळ्यात गारखेड्यात साहेबांच्या स्वतःच्या गल्लीची नळाची पाळी चुकली. सकाळी सकाळी त्यांचा फोन आला. "बाई, जरा पाणीपुरवठ्यात विचारता का, आमच्या गल्लीचा टँकर कुठंय? घरात पाहुणे आलेत."

मी विचारलं आणि उलट फोन केला. "सर, ते म्हणतात, टँकर मार्गस्थ आहे."

मग साहेब हळूच म्हणाले, "म्हणजे आज काही येत नाही."

*

आमचे कॉम्प्युटर ऑपरेटर डोईफोडे. टायपिंगचा वेग असा की मी वाक्य बोलून संपवायच्या आत त्यांचं टाइप करून झालेलं असायचं. कधी कधी माझ्या वाक्यापेक्षा वेगळंच.

एकदा नागरिकांना आवाहन करायचं होतं, 'पाणी जपून वापरा.' साधी नोट म्हणून मी न वाचताच सही केली. दुसऱ्या दिवशी पेपरांत ठळक अक्षरांत आलं, 'नागरिकांनी पाणी लपून वापरावे.'

साहेबांनी मला बोलावलं, मी डोईफोड्यांना बोलावलं. डोईफोडे शांतपणे म्हणाले, "मॅडम, शब्द तर बरोबरच आहे. कॉम्प्युटरनं कुठं लाल रेघ मारली?"

शुद्धिपत्रक टाइप करून होतंय तोवर फोन वाजला. गारखेड्यातल्या एक काकू होत्या. "तुमचंच ना ते पेपरातलं? वाचून लई बरं वाटलं. आम्ही कधीपास्नं तेच करतोय. टाकी भरली की मोटार बंद करायची न् वरच्या मजल्यावाल्यांना सांगायचं, पाणी आलंच नाय. मला वाटायचं, आपण काही चुकीचं करतोय का काय."

*

फोटोग्राफर जब्बारभाई छावणी बाजारातले. सरकारी नोकरीत येण्याआधी वीस वर्षं त्यांनी फक्त लग्नं केली होती, आणि ती सवय हाडात मुरलेली.

मंत्रीसाहेब दुष्काळाची पाहणी करायला एका कोरड्या विहिरीवर आले. सगळे विहिरीत वाकून बघत होते, चेहरे गंभीर. जब्बारभाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीनं म्हणाले, "साब, थोडा मुस्कुराओ." मंत्री हसले. मंत्री हसले म्हणून कलेक्टर हसले, कलेक्टर हसले म्हणून तहसीलदार, आणि मग ग्रामसेवक तर खळखळून हसला. फोटोखाली मजकूर गेला, 'भीषण पाणीटंचाईची पाहणी करताना मान्यवर.'

त्या फोटोवरून आम्हाला वरून जे ऐकून घ्यावं लागलं, ते इथं सांगण्यासारखं नाही. पुढच्या दौऱ्याला निघताना मी जब्बारभाईंना गाडीतच बजावलं, "काही झालं तरी कुणाला हसवू नका."

पुढच्या गावात पुन्हा तसाच घोळका, तशीच विहीर. मंत्र्यांना काही आठवून आधीच हसू येत होतं. जब्बारभाई घाबरले. कॅमेरा खाली घेऊन हात जोडत म्हणाले, "साब, मेहरबानी करके थोडा गम लाओ चेहरे पे." मंत्र्यांनी आणला. कलेक्टरांनी आणला. रांगेत शेवटी एक म्हातारा मेंढपाळ काठीला टेकून उभा होता. जब्बारभाईंचं लक्ष त्याच्याकडं गेलं तसा तोच म्हणाला, "माझं ऱ्हाऊ द्या. माझा फोटू हाये तसाच निगल."

*

दुष्काळाच्या पत्रकार परिषदेत एकदा टेबलावर पाण्याच्या सीलबंद बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. पत्रकारांनी अधिकाऱ्यांऐवजी बाटल्यांचे फोटो काढले. त्यामुळं पुढच्या परिषदेला मी खबरदारी घेतली. बाटल्या नाहीत, ग्लास नाहीत, तांब्यासुद्धा नाही. टेबल एकदम स्वच्छ.

बाहेरून आलेले एक मोठे साहेब बोलायला उभे राहिले. "पाण्याची कुठेही कमतरता..." इथपर्यंत आले आणि त्यांना ठसका लागला. असा की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी शिपायाला खूण केली. शिपायानं मला खूण केली की नाहीये. सगळ्या हॉलमध्ये पाण्याचा थेंब नाही, आणि तो बंदोबस्त माझाच.

शेवटी मागच्या रांगेतला एक जुना पत्रकार उठला. पिशवीतली स्वतःची बाटली काढली, झाकण उघडलं आणि साहेबांच्या हातात दिली. साहेब प्यायले, सावरले, आभार मानले, आणि वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं बोलले, "...भासू दिली जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्या पत्रकाराच्या पेपरात बातमीचा मथळा होता, 'अखेर पत्रकारांनी साहेबांना पाणी पाजले.'

मी खुलासा पाठवायला निघाले होते. भालेराव साहेबांनी मथळा दोनदा वाचला आणि म्हणाले, "काय खुलासा करणार? पाजलंच ना?"

*

एका वर्षी दुष्काळ बघायला दिल्लीहून पथक आलं. त्यांना शहराच्या बाहेर नवीन वाढलेल्या कॉलन्यांमधून न्यायचं होतं, कारण तिथं जलवाहिनी पोचलीच नव्हती. गाडी आमचे काळे चालवत होते, पुढं मी, मागं पथकातले दोन अधिकारी.

तेव्हा जो तो बिल्डर इमारतीला नाव देताना पाण्यावरच घसरायचा. कुठं सरोवर, कुठं निर्झर, कुठं संगम. एक अधिकारी खिडकीतून पाट्या वाचत होते आणि वहीत टिपून घेत होते. अर्ध्या तासानं त्यांनी मला विचारलं, "मैडम, यहाँ इतने जलस्रोत हैं, फिर टँकर किसलिए?"

काळेंनी आरशातून मागं बघितलं आणि म्हणाले, "सर, सगळा पानी पाटी पे चढ गया. नीचे कुछ नाय बचा."

त्यांनी तेही वहीत टिपून घेतलं.

*

आता एकच सांगते.

आमच्या शहरात छावणी म्हटलं की लष्कराचा भाग. पण दुष्काळात छावणी म्हणजे जनावरांची, चारापाण्याची. तशी एक छावणी पैठण रस्त्यावर, चितेगावच्या पुढं सुरू झाली. मी नोट काढली, 'छावणीत जनावरांसाठी चारा व पाण्याची मोफत सोय. पशुपालकांनी लाभ घ्यावा.' ठिकाण दुसऱ्या परिच्छेदात होतं. नोट लांबली म्हणून मीच तो परिच्छेद काढला.

तीन-चार दिवसांनी लष्कराच्या हद्दीतून फोन आला. "मैडम, आपके लोग आए हैं. जानवर भी साथ में हैं."

काळेंना घेऊन मी तडक गेले. कुणाची तरी जनावरं माझ्या एका खोडलेल्या परिच्छेदापायी उन्हातान्हात चालवत आणली होती, आणि त्यांतलं एखादं वाटेत पडलं असेल तर मी काय तोंड दाखवणार होते?

गेटच्या आत लिंबाच्या सावलीत एक म्हातारा बसला होता, शेजारी त्याची सून. दोन बैल, एक गाय आणि तीसेक मेंढरं. मैदानावरचं कापलेलं वाळकं गवत त्यांच्यापुढं टाकलेलं होतं आणि हौद काठोकाठ भरलेला. गेटवरचे हवालदार राजस्थानचे होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "मैडम, इनके हाथ में अखबार था, उसमें सरकार ने छावनी लिखा था. हम भी सरकार हैं. वापस कैसे भेजते?"

मी म्हाताऱ्याच्या समोर खाली बसले. गाव विचारलं. पैठणच्याही पलीकडचं होतं. दोन दिवस चालले होते. पेपरचा कपटा त्यानं मुंडाशात नीट घडी करून ठेवला होता, तो काढून मला दाखवला.

"आजोबा, चूक माझी झाली," मी म्हणाले. "ही जागा ती नव्हे. जनावरांची छावणी चितेगावच्या पुढं आहे. तुम्ही तर तिच्यावरूनच आलात."

"व्हय, बघितली की," म्हातारा म्हणाला. "आत बी गेल्तो. तिथला मानूस म्हनला, बैल न् गाय घेतो, मेंढरं चालायची नायती. म्हनलं, मंग ही ती नव्हं. कागदात तर निस्तं जनावरं लिवलंय. म्हून फुडं आलो."

"आजोबा, तीच होती ती."

म्हाताऱ्यानं एकदा हौदावर तोंड लावलेल्या मेंढरांकडं बघितलं, एकदा हातातल्या कपट्याकडं. मग तो कपटा माझ्या हातात देत समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, एकदा नीट वाचून बघा. तुमचीच वाचन्यात गफलत झाली आसंल."