यानातल्या पोरीला दिलेलं पाणी

मी एका कार्टूनमधल्या पोरीचं तर्पण केलेलं आहे. तापीच्या घाटावर, गुरुजी बसवून, तीळ-पाणी सोडून. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे जमणार नाही. दोन वर्षं झाली त्याला. तेव्हा मी लहान होते, सदुसष्ट वर्षांची; अक्कल यायची होती.

नातीबरोबर संध्याकाळी टीव्हीवर ती जपानी मालिका बघायचे. हिंदीत बोलायचे सगळे, म्हणून मलाही कळायचं. एक अंतराळयान, त्यात पाच-सहा भांडखोर गडी आणि वांग्याच्या रंगाच्या केसांची एक पोरगी. गडी लढायचे, ही जखमा बांधायची. आपल्यांच्या बांधायचीच, पण ज्यांनी घटकाभरापूर्वी यानावर आग ओकली त्यांच्याही. मी ओरडायचे, "अगं बावळट, त्याला कशाला पाणी पाजतेस? शुद्धीवर आला की तुझाच गळा धरेल!" तो खरंच धरायचा. आणि ही त्याचीच सुटलेली पट्टी पुन्हा बांधायची.

नात म्हणायची, "मन्ही मम्मी बी अशीच शे."

तिची मम्मी म्हणजे माझी सून. नर्स आहे. तळोद्याहून जीपने डोंगरातल्या पाड्यांवर जाते, लेकरांना लस द्यायला. एक-दोन दिवस तिकडेच मुक्काम, आणि फोन लागत नाही.

एका संध्याकाळी त्या पोरीचं यान पेटलं. शत्रूची लेकरं आत अडकलेली. तिने एकेकाला बाहेर ढकललं आणि स्वतः आत राहिली. पडदा काळा झाला. नात दप्तर भरायला उठून गेली, आणि मी पदर डोळ्याला लावून तिथेच बसले. मनातून जाईना. हिचं कोण करणार? आई नाही, बाप नाही, गाव तर पहिल्याच भागात जळालेलं. आमच्या प्रकाशा गावी लोक कुठून कुठून मेलेल्यांना पाणी द्यायला येतात, आणि मी घाटापासून हाकेच्या अंतरावर. मला काय धाड भरली होती?

दुसऱ्या दिवशी नात शाळेत, मुलगा पपईची गाडी घेऊन सुरतेला, सून आदल्या दिवसापासून डोंगरात. मी कुणाला न सांगता घाट गाठला.

गुरुजींनी विचारलं, "कोणाचं करायचंय?"

"एका पोरीचं."

"तुमची कोण?"

आता टीव्हीतली म्हणून कसं सांगू? गावभर हसं झालं असतं. "सून समजा," मी म्हटलं. त्यातलं 'समजा' फार हळू म्हटलं असणार.

"कधी गेली?"

"काल."

"अरे देवा! कशानं?"

"गाडी पेटली हो. लेकरांना बाहेर काढलं, स्वतः राहिली. काही उरलं नाही मागे."

गुरुजींच्या हातातली पळी तशीच थांबली. डोळे भरले त्यांचे. मला वाटलं, केवढ्या मनाचा माणूस, परक्या पोरीसाठी रडतो! त्यांनी संकल्पात आमचंच गोत्र घातलं, तरी या शहाणीच्या टाळक्यात काही शिरलं नाही. हलक्या मनाने घरी आले आणि भाकरी थापायला बसले.

पहिली भाकरी तव्यावर होती, तेवढ्यात दारात रडण्याचा कल्लोळ. गल्लीतल्या बाया, तोंडावर पदर, एक तर छाती बडवतेय. मी उंबऱ्यात गेले. "काय व्हयनं वं? कोण गयं?"

त्या आणखी मोठ्याने रडल्या. "माय माय! हिले तं धक्काच बसना!"

आणि त्यांच्यातून वाट काढत नात आली. दप्तर नाही, पायात चप्पल नाही. शाळेत कोणीतरी सांगितलं होतं. ती रडत नव्हती. तेच भयंकर होतं.

"आजी, मन्ही मम्मी गाडीमा जयी गयी का?"

मला गुरुजींची थांबलेली पळी दिसली. सगळं एकदम कळलं. भाकरी जळत होती म्हणून मी मागे वळून ती उतरवायला गेले, आणि पूर्ण पंजा तव्यावर टेकवला. भाजल्याचं कळलंसुद्धा नाही.

"नही वं बेटा! मम्मी चांगली शे!"

"पोरले धीर दी ऱ्हायनी बिचारी," मागून कोणीतरी म्हटलं.

"मंग फोन लाव," नात म्हणाली.

लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच. जीप डोंगराच्या वळणांवर असेल. कालचं यान डोळ्यांपुढून हलेना. आपली माणसं म्हणतात, वास्तू तथास्तु म्हणते. मी तर नदीच्या साक्षीने बोलून आले होते.

मग मी त्या सगळ्या बायांसमोर सांगून टाकलं. टीव्ही, यान, वांगी केस, सगळं. एका बाईचं रडणं अर्ध्यावर थांबलं. नातीने माझा पदर ओढला.

"तिन्हासाठे? आजी, ती तं पुढला भागमा परत येस! मी मैत्रीणना मोबाइलवर पाह्यलं शे."

मग हळूच म्हणाली, "मंग मम्मी बी येई ना?"

"येई," मी म्हटलं, आणि पुन्हा बटण दाबलं.

बाया गेल्या नाहीत. रडायचं की हसायचं ते ठरेपर्यंत कोणी उठणार नव्हतं. उन्हं कलली, तरी आम्ही सगळ्या रस्त्याकडे बघत बसलेल्या.

आली. खांद्याला लसीचा निळा डबा, साडी धुळीने लाल. तिला बघून एक बाई किंचाळलीच. नात धावली, तिच्या पोटावर दोन्ही मुठींनी मारलं आणि मग तिथेच चिकटली. आता कुठे रडली. त्या रडण्यातून आणि बायांच्या गोंधळातून सुनेने सगळं ऐकून घेतलं.

मी मान खाली घालून उभी. म्हटलं, आता माझा उद्धार होतो.

ती जवळ आली. माझा हात तिला दिसला, तळव्यावर फोड टरारून आलेले. मला ओसरीवर बसवलं. पोरगी कडेला तशीच चिकटलेली असताना हात गार पाण्यात धरला, पिशवीतून मलम काढलं, पट्टी बांधली, गाठ मारली. मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"आत्याबाई, मन्हा नावनं पाणी तं तुम्ही दी टाकं, आते मन्हासाठे चहा ठेवा."