पाठीमागून ‘हाय की’

व्यंकूला फोन लावला की पलीकडून ‘हॅलो’ कधी आलंच नाही. ‘हाय की’ म्हणायचा. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पानिपतच्या कारखान्याबाहेर उभा राहून फोन लावला, तर वहिनींचा आवाज. “भावजी...” एवढंच म्हणाल्या, आणि मला कळलं. झोपेतच गेला म्हणे. त्याला आता काही आठवडे झाले, तरी बोट अजून त्याच नंबरावर जातं...

सोलापुरातल्या एका हायस्कूलच्या फुटबॉल टीममध्ये आम्ही दोघं होतो. मी केम गावचा, मामाकडे राहून शिकणारा, बॅकला. आणि माझ्या मागे गोलात व्यंकटेश, घरात तेलुगू बोलणारं विणकराचं पोर. त्याच्या आईनं चादरीच्या तुकड्यांचे हातमोजे शिवून दिले होते, एकावर अख्खा मोर, दुसऱ्यावर नुसता पिसारा. पायात बॉल आला की मला धडकी भरायची, आता मारू कुणाकडं? मग मागून हाक यायची, ‘हाय की!’ म्हणजे मी हाय, दे मागं. एका मॅचला परगावाहून आलेल्या पंचांनी शिट्टी मारून खेळच थांबवला. फुटबॉलच्या ग्राउंडवर हॉकी-हॉकी काय ओरडतोस, म्हणून व्यंकूला झापलं. समोरची बार्शीची पोरं पोट धरून हसली. तिथून पुढं आम्ही सगळीकडं ‘हॉकीवाले’.

त्या मोसमात लई चांगलं चाललं होतं. मध्येच वडील गेले आणि नववीतच माझी शाळा सुटली. सोलापुरातच यंत्रमागावर लागलो. शाळेतून नाव निघालं म्हणजे टीममधूनही निघालंच. जिवाला एकच घोर, ही पोरं आपल्याला विसरणार. सर बॅकला दुसरा मुलगा घ्यायला निघाले, तर कॅप्टन व्यंकू अडून बसला. राहिलेल्या मॅच दहाच जण खेळले, आणि सगळ्या हरले. एका संध्याकाळी तो कारखान्यात आला. मागांच्या खडखडाटात मी ओरडून विचारलं, माझ्या जागी कोण घेतलं? तो कानाशी तोंड आणून म्हणाला,

“तुझी जागा हाय की.”

शहाणपणाचं नव्हतंच ते. सर कितीतरी दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. पण त्या एका बोलण्यावर मी पुढं पानिपतला, परमुलखात, इतकी वर्षं काढली.

केमचं घर कधीच गेलं. सुट्टीत उतरायचो ते व्यंकूकडंच. दोन खोल्या, आणि दारामागं माझं अंथरूण. आता तो नाही, तर तिथं कुठल्या नात्यानं जायचं? फोन हातात घ्यायचो नि ठेवून द्यायचो. परवा हिय्या केला. वहिनींना अडखळत सांगितलं, पुढच्या महिन्यात सुट्टी मिळतेय, लॉजवर उतरेन, नुसता भेटून जाईन. पलीकडं सगळं शांत. फोन कटला असं वाटून मी विचारलं, “वहिनी, हाय का लाईनवर?”

“हाय की,” त्या म्हणाल्या. “लॉज कशाला भावजी? तुमची चादर धुऊन दारामागं ठिवलीय की.”