मंदार राजहंसचा टॉर्क

"डावीकडे! वैदू, डावीकडे म्हणतोय मी! तुझ्या नाही, माझ्या डावीकडे! नाही, थांब, ट्रेलरच्या!"

रविवार सकाळ. नागोयातली आमची बिल्डिंग अशी, की इथे लोक शिंकायचं असलं तरी आदल्या दिवशी नोटीस लावतील. तिच्या पार्किंगमध्ये मंदार राजहंस आपल्या एसयूव्हीच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लोंबून बायकोवर ओरडत होता. मागे जोडलेला पांढरा ट्रेलर, म्हणजे चाकं लावलेली एक खोलीच, तो सांगेल त्याच्या बरोबर उलट दिशेला तोंड फिरवत होता. वैदेही दोन्ही हात वर करून ट्रेलरमागे उभी, पोलिसांनी पकडल्यासारखी. त्या आवाजाने आमच्या गॅलरीतल्या कोथिंबिरीने मान टाकली, समोरच्या आजोबांचं कानातलं यंत्र आपोआप बंद पडलं, आणि ओसाकाकडे निघालेली एक शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, म्हणे क्षणभर थबकली. हे शेवटचं मी स्वतः पाहिलेलं नाही. पण राजहंसचा आवाज ज्याने ऐकलाय तो मला खोटं पाडणार नाही.

राजहंस माझा शेजारी, आणि ऑफिसातही शेजारीच. आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. त्यात राजहंसकडे दाराचं हँडल. त्यातही आतलं. त्यातही मागच्या सीटचं. पण त्याचं बोलणं ऐकलंत तर वाटेल, जपानी लोक बैलगाडीतून फिरत होते, याने विमानातून उतरून त्यांना इंजिन दिलं. "टॉर्क पाहिजे, मोघे, टॉर्क!" हा त्याचा मंत्र. टॉर्क म्हणजे इंजिनाची ओढायची ताकद. डाळ शिजली नाही, कुकरला टॉर्क नाही. रेवाला, म्हणजे त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीला, गणित जमलं नाही, मेंदूला टॉर्क नाही. ऑफिसातल्या एकाचे वडील वारले तेव्हा सगळे माना खाली घालून उभे होते, आणि याने त्या बिचाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "शेवटी टॉर्क संपतोच." तो जपानी होता आणि वाक्य मराठीत होतं, म्हणून निभावलं.

मला या माणसाबद्दल फारसा आदर नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

ट्रेलर घ्यायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते एका प्रदर्शनात. "हलका आहे. साध्या लायसनवर ओढता येतो. माझी गाडी याला पिसासारखी नेईल." मग पुढचे कित्येक आठवडे ऑफिसात दुसरा विषय नाही. चहाच्या मशीनपाशी कोणी सापडला की राजहंस एका कागदी कपाला दुसरा कप दोऱ्याने बांधून टेबलावर ओढून दाखवायचा. मागचा कप दर वेळी आडवा व्हायचा. "तो रिकामा आहे म्हणून," असं तो सांगायचा, आणि त्यात चहा ओतून पुन्हा ओढायचा. आमच्या मजल्यावरचा गालिचा त्यानंतर बदलावा लागला.

घरात मात्र वेगळंच शिजत होतं. वैदेही एका बेकरीत बाइतो करायची, पार्टटाइम काम. पहाटे पाव भाजायची, दुपारी रेवाला शाळेतून आणायची आणि संध्याकाळी राजहंसचा आवाज ऐकायची. मोज्यांवरून आवाज, रिमोटवरून आवाज, कचरा चुकीच्या पिशवीत गेला म्हणून आवाज. तो बहुतेक वेळा त्यानेच टाकलेला असायचा. रेवा कानांवर हात ठेवून म्हणायची, "बाबा, उरुसाई." जपानीत त्याचा अर्थ किती गोंगाट करतोस, गप्प बस. बापाला वाटायचं, मुलीची भाषा छान सुधारतेय.

एकदा आमच्याकडे जेवताना वैदेहीने आमटी वाढून घेतली आणि हवामानाबद्दल बोलावं तसं सांगितलं, "मंदार, मार्चमध्ये शाळेचं वर्ष संपलं की मी आणि रेवा पुण्याला जातोय. कायमचं."

राजहंसचा घास हातातच राहिला. "का? काय कमी आहे इथे? ट्रेलर घेतोय आपण!"

"तेच म्हणतेय. त्या ट्रेलरची एक ट्रिप कर. जाऊन येऊन. एकदाही ओरडायचं नाही. जमलं तर मी इथे राहते."

"एवढंच?" राजहंस मांडीवर थाप मारून एवढ्या मोठ्याने हसला की आमच्या फ्रिजवरचे चुंबक खाली पडले. "मोघे, तुम्ही साक्षीदार. मागून तुमची डबडी घेऊन या."

डबडी म्हणजे माझी गाडी. लहान आहे, मान्य. पण दारांची हँडलं चांगली आहेत, त्याच्या विभागातली नाहीत.

ट्रेलर आला, पार्किंगमध्ये ओरडून ओरडून सराव झाला, आणि निघायच्या सकाळी अर्थातच पूजा. ट्रेलरवर कुंकवाचं स्वस्तिक, पायरीवर नारळ. नारळाचं पाणी समोरच्या आजोबांच्या सायकलवर उडालं तर ते छोटा झाडू घेऊन बाहेर आले, वाकून माफी मागितली आणि करवंटी कुठल्या दिवसाच्या कचऱ्यात जाते ते समजावून गेले. चाकाखाली लिंबू ठेवून झालं. तरी राजहंसचं समाधान होईना. गाडी आणि ट्रेलर जिथे एकमेकांना जोडतात, तिथे गाडीच्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलरचा जबडा बसतो आणि वरून खटका दाबला की कुलूप लागतं. राजहंसने त्या खटक्याला लाल नाड्याचे वेढ्यावर वेढे दिले, त्यात लिंबू-मिरची ओवली, आणि मग खटका दाबला.

"तिथे कशाला?" माझी बायको मेधा म्हणाली.

"वहिनी, सगळा टॉर्क या जोडातून जातो. नजर लागली तर इथेच लागणार."

मग निघालो. गिफूच्या डोंगरातल्या एका तळ्याकाठी जायचं होतं. पुढे राजहंस, मागे आम्ही, आमच्यामागे साऱ्या जिल्ह्याची वरात. राजहंस इतका हळू चालवत होता की रस्त्याकडेच्या शेतातल्या आजीबाई गाजर उपटता उपटता आमच्या पुढे गेल्या. मागून एकानेही हॉर्न दिला नाही. जपानी माणूस आयुष्य गाडीत काढेल, हॉर्न देणार नाही. वळणावळणाला त्याच्या गाडीच्या बाजूच्या आरशात मला राजहंसचं तोंड दिसत होतं. ओठ घट्ट मिटलेले, मान फुगलेली, रंग कोकमाच्या आगळासारखा. आत तुंबलेला आवाज कानांतून वाफ होऊन निघत होता. खिडकीवर बाष्प धरलेलं मी पाहिलंय.

कॅम्पच्या फाटकाशी चढ आणि चढाच्या तोंडाशी एक उंचवटा. एसयूव्ही वर चढली, ट्रेलरने उडी मारली आणि खण्‌कन आवाज झाला. जबडा गोळ्यावरून सुटला. ट्रेलरचा दांडा जमिनीवर आपटला आणि ती चाकांवरची खोली उतारावरून थेट माझ्या डबडीकडे निघाली. मेधाने माझा दंड धरला; तो अजून दुखतो. ट्रेलर हातभर आला असेल, तेवढ्यात खालची साखळी ताणली गेली आणि तो थांबला. साखळी कारखान्यातून बसवून आली होती. तिच्यात राजहंसचा काही हात नव्हता, म्हणून आम्ही वाचलो.

वैदेही खाली उतरून नवऱ्याकडे बघत उभी राहिली. रेवाने आधीच कानांवर हात ठेवले होते.

कॅम्पचे म्हातारे मॅनेजर धावत आले. चाकांमागे दगड लावले, आपला चढ फार चढ आहे याबद्दल पुन्हा पुन्हा माफी मागितली, मग वाकून जोड पाहिला. खटक्याखालून त्यांनी नाड्याचा बोळा ओढून काढला. त्याच्यापायी कुलूप बसलंच नव्हतं. त्यातून चेचलेलं लिंबू निघालं. ते त्यांनी, व्हिजिटिंग कार्ड देतात तसं, दोन्ही हातांत धरून राजहंसपुढे केलं.

राजहंसने तोंड उघडलं. मी डोळे मिटले.

काहीच ऐकू आलं नाही. डोळे उघडले तर राजहंस दोन्ही हातांनी लिंबू स्वीकारून कमरेत वाकला होता. "आरिगातो गोझाइमासु," आभार मानत तो पुटपुटला. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस पुटपुटला.

आणि काय सांगू, पुढचा दीड दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायको तळ्याकाठी चहा पीत बसले होते. कोणी काही बोलत नव्हतं. रेवा बापाच्या पाठीला पाठ टेकवून चित्र काढत होती. वैदेही मेधाला म्हणाली, "एप्रिलमध्ये हिला मोठी सायकल घ्यायला हवी. इथे सगळी मुलं सायकलनेच फिरतात." मेधाने माझ्याकडे पाहिलं. मला राजहंसचा राग आला. असा माणूस सुखात राहणं मला पटत नाही.

परत येतानाही तो गप्पच. पार्किंगमध्ये आला, ट्रेलर मागे घेतला, आणि कोणीही न सांगता तो पहिल्याच फटक्यात जागेवर बसला. इंजिन बंद झालं, हँडब्रेक लागला. राजहंस दार उघडून खाली उतरला आणि दोन्ही मुठी आकाशाकडे फेकून त्याने छाती रिकामी केली.

"ओरडलो का मी? वैदू! सांग ना! एकदा तरी ओरडलो का? आहे की नाही टॉर्क!"

बिल्डिंगच्या सगळ्या खिडक्या एकेक करून हळूच बंद झाल्या. रेवाने कानांवर हात ठेवले. वैदेहीने डिकीतून थर्मास काढला, मुलीचा एक हात कानावरून सोडवून आपल्या हातात घेतला आणि ती जिन्याने वर गेली.

मार्चमध्ये त्या दोघी गेल्या. ट्रेलर अजून पार्किंगमध्येच आहे. पांढरा राहिलेला नाही. राजहंस रविवारी आमच्याकडे जेवायला येतो आणि आमटी वाढण्याआधी तोच मुद्दा मांडतो. हल्ली जरा खालच्या आवाजात. "मोघे, तुम्ही साक्षीदार होतात. इंजिन बंद होतं. हँडब्रेक लावला होता. म्हणजे ट्रिप संपली होती. संपल्यावर ओरडलो, ते धरता येत नाही. तुम्ही सांगा तिला."

शेवटी वैतागून मी पुण्याला फोन लावला. राजहंस समोरच बसला होता, म्हणून स्पीकर चालू केला आणि त्याचा सगळा मुद्दा, इंजिन, हँडब्रेक, काही न गाळता, वैदेहीला वाचून दाखवावा तसा ऐकवला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बारीक केल्याचं ऐकू आलं.

"ट्रिप संपली होती ना?" ती म्हणाली. "मग घरी ओरडला."