उगं आणि उगाच

प्रशिक्षणातल्या ज्या कामात माझी चूक निघणार नाही अशी मला खात्री होती, त्याला ‘शब्दशः नोंद’ म्हणतात. समुपदेशनाचे एक सत्र समोरच्या व्यक्तीच्या लेखी परवानगीने ध्वनिमुद्रित करायचे आणि नंतर ऐकत ऐकत कागदावर उतरवायचे: कोण काय बोलले, कुठे किती सेकंद थांबले, कुठे हसले, कुठे नुसतेच खाकरले. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे. नमुना जसा आला तसा तपासायचा, त्याला आपले बोट लागू द्यायचे नाही, ही शिस्त माझ्या अंगात मुरलेली होती. पुढे जंतूंपेक्षा माणसे अधिक गुंतागुंतीची वाटली म्हणून मी मानसशास्त्राकडे वळले, तेव्हा ती शिस्त सोबतच आली, असा माझा समज होता.

आमच्या प्रशिक्षणात दोन वाटा शिकवल्या जात. एक मनोगतिक वाट. आज दिसणाऱ्या त्रासाच्या मुळाशी जुने, विसरलेले, दाबलेले काही असते आणि माणूस तेच नाते नव्या माणसांशी पुन्हा पुन्हा मांडत राहतो, असे ती मानते. दुसरी मानवतावादी वाट. समोरच्या माणसाला स्वतःचे उत्तर स्वतःकडेच सापडू शकते. आपण मनापासून ऐकायचे, त्याचेच शब्द त्याला परत द्यायचे आणि खोटे वागायचे नाही, एवढेच तिचे मागणे. मला पहिली वाट आवडे, कारण तिच्यात सूक्ष्मदर्शक होता. दुसरी मला पोपटाचे काम वाटे. माझ्या वडिलांनाही वाटे. “ऐकायला शिकायला दोन वर्षं?” असे त्यांनी एकदा विचारले होते. “आपल्याकडं म्हशीबी ऐकत्यात.”

त्या वर्षी मी दर मंगळवारी नेवासा तालुक्यातल्या एका छोट्या रुग्णालयात बसत असे. शनिवारी शिंगणापूरच्या गर्दीने रस्ता भरतो, म्हणून मंगळवार. तिथल्या डॉक्टरांनी एक बाई माझ्याकडे पाठवल्या. वय चाळिशीच्या आसपास, घरची शेती, दारात दोन म्हशी. (त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून मी हे लिहीत आहे.) तक्रार एकच: घशात गोळा अडकला आहे. दुर्बिणीने घसा पाहून झाला होता, सगळ्या तपासण्या स्वच्छ होत्या, तरीही गोळा होता. त्या महिला राखीव जागेवर निवडून आलेल्या ग्रामपंचायत सदस्य होत्या. गावात मात्र ‘मेंबर’ म्हणत ते त्यांच्या नवऱ्याला. मेंबर त्यांना मोटारसायकलवर घेऊन येत आणि बाहेरच्या बाकावर बसत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितले, “मॅडम, जरा चांगला उपदेश करा हिला.” समुपदेशन या शब्दात उपदेश आहे खरा. आम्ही तो करत नाही, हे मी त्यांना जवळजवळ व्याख्यानाच्या स्वरूपात समजावले.

त्याच सत्रात बाईंनी मला विचारले होते, “ताई, तुमी कुनीकडच्या?” समुपदेशकाने स्वतःविषयी बोलू नये, असे मी वाचलेले. म्हणून मी म्हणाले, “हे तुम्हाला का जाणून घ्यावंसं वाटतं?” त्या म्हणाल्या, “न्हाई, आसंच,” आणि पदर सारखा करून बसल्या.

चौथ्या सत्राची नोंद मी पर्यवेक्षक बाईंकडे नगरला घेऊन गेले. ही नोंद संमत झाली की माझे प्रशिक्षण पूर्ण होणार होते. तिच्यासोबत मी विश्लेषणही जोडले होते, आणि मला त्याचा अभिमान होता. या बाई म्हणजे घरातली तिसरी मुलगी, नको असताना झालेली. आता सदस्यपदही नावापुरते. त्या स्वतःच सत्रात म्हणाल्या होत्या, “बैठकीतही आणि घरातही मी आपली उगाच असते.” नकोसे बालपण, निरुपयोगीपणाची भावना, गिळलेले दुःख, घशातला गोळा. साखळीची एकही कडी निसटलेली नव्हती.

पर्यवेक्षक बाईंनी चष्मा लावून सगळे वाचले. “सुंदर आहे,” त्या म्हणाल्या. “पण कुणाचं आहे?”

मला प्रश्न कळला नाही.

“या बाई कुठल्या?”

“नेवासा तालुक्यातल्या.”

“आणि बोलतात पुण्याच्या प्राध्यापिकेसारख्या?”

“मी प्रमाण मराठीत उतरवून घेतलं. वाचायला सोपं जावं म्हणून.”

“कुणाला सोपं? रेकॉर्डिंग लाव.”

मी मोबाईल टेबलावर ठेवला. रुग्णालयाचा पंखा, बाहेर कुणाचा तरी खोकला, आणि मग स्पष्ट आवाजात ते वाक्य: “मीटिंगला बी आन् घरात बी, मी आपली उगं आसते.” त्यावर माझा आवाज, बातम्या वाचल्यासारखा: “म्हणजे आपला काही उपयोग नाही, असं तुम्हाला वाटतं.” चार सेकंद काहीच नाही. मग त्यांचा आवाज: “व्हय… आसंल.”

पर्यवेक्षक बाईंनी तेवढाच तुकडा तीनदा लावायला सांगितला. “तू मूळची कुठली?” त्यांनी विचारले.

“सोनईजवळची.”

“मग ‘उगं बस’ असं तुला लहानपणी कुणी कधीच म्हटलं नाही?”

म्हटले होते. रोज म्हटले होते. आमच्याकडे ‘उगं’ कधी उगाच असतो, हे खरे. पण ‘उगं बस’, ‘उगं ऱ्हा’ म्हटले की त्याचा अर्थ गप्प. आवाजाच्या चढावरून तो फरक शेंबड्या पोरालाही कळतो. रुग्णालयातल्या बाईंनी मला सांगितले होते की त्या गप्प असतात. मी ऐकले होते की त्या निरर्थक आहेत. आणि त्या निरर्थकतेवर मी त्यांचे अख्खे बालपण बांधून काढले होते.

“या पानांवर त्यांचे ‘हो’ मोज,” पर्यवेक्षक बाई म्हणाल्या. “त्या तुझ्याशीही गप्पच आहेत. फक्त तुझ्यासमोरचं गप्प बसणं ‘हो’ असं ऐकू येतं.” संमतीची सही त्यांनी केली नाही. नवे सत्र, नवी नोंद, त्यांच्या बोलीत, असे लिहून कागद परत दिले.

एसटीत बसल्यावर मला प्रथम राग आला आणि मग लाज वाटली. चुकीचा अर्थ लावणे मी स्वतःला माफ केले असते. नमुना दूषित करणे नाही. बर्नरच्या ज्योतीशिवाय पेट्री डिशचे झाकण न उघडणारी मी, एका बाईच्या वाक्यात सरळ बोट घालून आले होते. असे का झाले, याचे उत्तर शोधायला फार खोल जावे लागले नाही. पदवीच्या पहिल्या वर्षी पुण्यात, प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत, मी ‘पान्याचा नमुना’ म्हणाले आणि मागची रांग हसली. त्यानंतर महिनाभर वसतिगृहाच्या न्हाणीघरात नळ सोडून मी ‘पाणी, लोणी, कोण’ घोटले होते. ‘हाय’चे ‘आहे’ केले, ‘न्हाई’चे ‘नाही’. काम इतके पक्के झाले की पुढे कुणी ‘हाय’ म्हटले तरी माझा कान ते आपोआप दुरुस्त करून घेई. मनोगतिक भाषेत याला प्रतिसंक्रमण म्हणतात: समुपदेशकाचे जुने काही समोरच्याच्या जागी जाऊन बसते. संक्रमण हा शब्द मी आधी जंतूंच्या संदर्भात शिकले होते. तोच अर्थ इथे जास्त जवळचा वाटला.

पुढच्या मंगळवारी बाई आल्या त्या निरोप घ्यायलाच. “आता बरं वाटतंय, ताई,” त्या दारातूनच म्हणाल्या. “ही शेवटची खेप. मेंबर म्हनले, उगं हेलपाटे नकोत.” घसा त्यांनी दोनदा खाकरला. माझ्या हातात एक तास होता, आणि सहीचा विचार त्या तासाबाहेर ठेवायचा असे मी ठरवूनच आले होते.

बोली पांघरून बसायचे का, याचाही विचार मी केला होता. ते सोंग झाले असते. मी माझ्याच भाषेत म्हणाले, “पहिल्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, मी कुठली. मी उत्तर दिलं नाही. मी सोनईजवळची.”

बाईंनी डोळे बारीक केले. “सोनईची? मंग आशा का बोलता? बातम्या सांगितल्यागत?”

“पुण्यात हसले होते मला. म्हणून शिकले.”

“आन् मंग इसरला?”

“बरंच. मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, मी उगं असते. मी ऐकलं, उगाच असते. चूक माझी.”

मला पाच सत्रांत पहिल्यांदा त्यांचे हसू ऐकू आले, पदराआडचे नव्हे, चांगले मोकळे. “उगाच? मी व्हय उगाच? आवो, मी न्हाई गेले तर दोन्ही म्हशी दुधाला पान्हवत न्हाईत. मेंबरांना इचारा, लाथ खाल्लीया त्यांनी!” हसता हसता त्या थांबल्या. “तरीच म्हनलं, ह्या बाई कशाचं काय बोलत्यात. पन तुमी शिकलेल्या. म्हनलं, आसंल.”

“आणि उगं म्हणजे?” मी विचारले.

मग मी थांबले. किती सेकंद, ते नोंदीत आहे: एकोणीस. मला ते फार वाटले.

“ग्रामसभेत हुबी ऱ्हायले हुते मी,” त्या म्हणाल्या. “आंगनवाडी रस्त्याला लागून हाय. उसाचे ट्रॅक्टर जात्यात. कुंपन पायजे. आट दिस धार काढताना घोकत हुते, कसं बोलायचं. हुबी ऱ्हायले, ‘माझं म्हननं आसं हाय’ म्हनले, आन् हे मागून म्हनले, ‘बस गं खाली, मी सांगतो हिचं म्हननं.’ आन् काय सांगितलं? गावाला कमान पायजे! समदी हसली. मी बी हसले.” त्यांनी गळ्यावर हात ठेवला. “त्या दिसापासनं ठरवलं. आता उगं ऱ्हायाचं. वाढू का, दूध घातलं का, तेवढंच. बघू कोन इचारतंय, का गं बोलत न्हाईस म्हनून.”

“कुणी विचारलं?”

“न्हाई. कुनाला कळलंच न्हाई. तुमाला बी न्हाई.”

त्यावर माझ्याकडे तीन विश्लेषणे तयार होती. तिसऱ्या मुलीचेही त्यातल्या एकात बसत होते, आणि कदाचित ते बरोबरही असेल. मी म्हणाले, “मलाही नाही.” एवढेच. त्या रडल्या, थोड्या, मग नाक पुसून म्हणाल्या, “लई राग हाय, ताई. गोळा न्हाई त्यो.”

तास संपायच्या आत दार ढकलून मेंबरांनी डोके आत घातले. ते नेहमीसारखे माझ्याकडेच पाहत होते. “झालं का, मॅडम? काय म्हनती ही?”

याआधीच्या प्रत्येक मंगळवारी या प्रश्नाला मी उत्तर दिले होते: प्रगती आहे, झोप नीट होऊ द्या, वगैरे. या वेळी मी उत्तर दिले नाही. बाईंकडे पाहिले आणि उगं राहिले. मेंबर माझ्याकडे पाहत, मी बाईंकडे पाहत. पंखा फिरत होता. मेंबरांना काय करावे ते कळेना, तेव्हा नाइलाजाने त्यांनीही मान वळवून बायकोकडे पाहिले.

“फुडच्या मंगळवारी यायचं हाय मला,” त्या म्हणाल्या.

“मंगळवारी? त्या दिवशी ग्रामपंचायतीची मीटिंग हाय की.”

“मीटिंग अकराला. हितं तीनला.” त्यांनी पिशवी उचलली. “दोन्हीकडं जायचं हाय. आन् तितं तुमी भाईर बसा, हितं बसता तसं.”

मेंबर मोटारसायकल काढायला बाहेर गेले.

त्या घरी गेल्यावर मी त्याच खोलीत नोंद उतरवायला बसले. ‘हाय’ लिहिले की बोट सवयीने मागे जाऊन ते खोडू पाही. मी प्रत्येक वेळी ते पुन्हा लिहिले.